चाळा म्हणा, स्टिमिंग म्हणा: मोठ्या वयाच्या ऑटिस्टिक माणसांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला ऑटिझमचं निदान झालं तेव्हा मी ३६ वर्षांची होते. त्या मुलाखतीत मानसशास्त्रज्ञ बाईंनी विचारलं, हाताने वगैरे तुम्ही काही पुन्हा पुन्हा करता का, तर मी अगदी ठामपणे म्हणाले छे, अजिबात नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, गेला पाऊण तास तुम्ही बाहीची शिवण दोन बोटांत धरून चोळताय. खाली बघितलं तर खरंच की. पुढचे प्रश्न आधी मला स्वतःला पडले, मग ओळखीच्यांनी विचारले, मग त्यांच्या घरच्यांनी. मी डॉक्टर नाही, त्यामुळे निदान माझ्याकडून मागू नका, पण या विषयावर बरंच वाचलंय आणि बरंच भोगलंय, तेवढ्या जोरावर लिहितेय.

स्टिमिंग म्हणजे नक्की काय?

सेल्फ-स्टिम्युलेशन हा मूळ शब्द, त्याचं बोलताना झालं स्टिमिंग. एखादी हालचाल, आवाज, स्पर्श किंवा शब्द पुन्हा पुन्हा करणं, ज्यातून शरीराला किंवा मनाला काहीतरी मिळतं. डुलणं, हात फडफडवणं, बोटं नाचवणं, गुणगुणणं, तीच वस्तू फिरवत बसणं. आपल्याकडे याला आयता शब्द आहे, चाळा. हाताला काहीतरी चाळा लागतो असं आपण म्हणतोच ना. गंमत बघा, एकवचनात चाळा अगदी निरुपद्रवी वाटतो आणि अनेकवचन झालं की लगेच "काय चाळे चाललेत" असा दम येतो. ऑटिस्टिक माणसाचं बरंचसं बालपण या एकवचनातून अनेकवचनात जाण्यात संपतं.

पाय तर सगळेच हलवतात, मग सगळेच थोडे थोडे ऑटिस्टिक असतात का?

नाही हो. हे वाक्य लोक चांगल्या मनाने बोलतात पण त्याने मदत काहीच होत नाही. चाळे सगळ्यांना असतात, एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि स्वस्थ बसणं अवघड जाणं) असलेल्यांना भरपूर असतात, जन्मापासून दृष्टी नसलेली काही माणसंसुद्धा डुलतात. फरक कुठे पडतो तर किती वेळा, किती जोरात, आणि मुख्य म्हणजे थांबवलं तर काय होतं यात. कंटाळा आला म्हणून पाय हलवणाऱ्याला हलवू नको म्हटलं तर तो थांबतो आणि विसरून जातो. मला थांबवलं तर समोरचा काय बोलतोय ते कळायचं बंद होतं, कारण सगळं लक्ष न हलण्यातच जातं.

आणि निदान काही एका चाळ्यावरून होत नाही. अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचं डीएसएम-५ हे २०१३ चं मॅन्युअल बघा. त्यात पुनरावृत्तीच्या वागण्याचे ४ प्रकार दिलेत: हालचाल, वस्तू किंवा बोलणं पुन्हा पुन्हा करणं हा एक, ठरलेलंच हवं असा हट्ट दुसरा, एखाद्या विषयात प्रचंड बुडून जाणं तिसरा, आणि आवाज-उजेड-स्पर्श यांचा खूप जास्त किंवा खूप कमी त्रास हा चौथा. यातले किमान २ लागतात, शिवाय सामाजिक संवादातल्या अडचणी वेगळ्या. म्हणजे स्टिमिंग हा त्या चित्रातला एक तुकडा झाला.

मोठ्या माणसांमध्ये ते दिसतं कसं? माझा भाऊ काही हात फडफडवत नाही.

बहुतेक मोठी माणसं फडफडवत नाहीत, निदान लोकांसमोर तरी नाही. लहानपणी जे खांद्यापासून व्हायचं ते मोठेपणी मनगटात येतं, मग बोटात, मग बुटाच्या आत. मी मीटिंगमध्ये बुटातल्या बुटात पायाची बोटं आठच्या तालावर दाबते, वर्षानुवर्षं दाबतेय, आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या एकालाही पत्ता नाही. असंच गालाचा आतला भाग चावणं, दातावर दात हळू हळू वाजवणं, जीभ टाळूला लावून दाबणं, अंगठ्याने प्रत्येक बोटाच्या टोकाला क्रमाने स्पर्श करणं, अंगठी फिरवणं, केसांची बट ओठांवरून फिरवणं, दाढी ओढणं. यातलं काहीही एकटं बघितलं तर साधी सवय वाटते.

मग समाजमान्य वेष घातलेले प्रकार असतात. फोनवर बोलताना येरझाऱ्या घालणं, पेनाचं बटण टकटक करणं, कागदावर तीच नक्षी काढत बसणं, झोपाळ्यावर किंवा हलत्या खुर्चीत तासभर डुलणं, ज्याला आपण डुलणं म्हणत नाही, आराम करणं म्हणतो. जिममध्ये रोज जड वजनं उचलणारा माझा एक मित्र म्हणतो की त्याला स्नायूंशी काही घेणंदेणं नाही, सांध्यांवर दाब आला की डोकं शांत होतं. विणकाम करणाऱ्या बाईला कोणी विचारत नाही की तुम्ही हात का हलवताय.

डोळ्यांचे प्रकारही असतात, फिरणारा पंखा बघत राहणं, झाडाच्या पानांतून येणारा उजेड डोळे बारीक करून बघणं, एकच पाच सेकंदांचा व्हिडिओ वीसदा लावणं. कानाचे असतात, एकच गाणं आठवडाभर, तेसुद्धा त्यातला ठरावीक तुकडा मागे नेऊन नेऊन. नाकाचेही, आणि लोक ते सांगायला लाजतात, पण पुस्तकाची पानं किंवा स्वतःच्या उशीचा वास घेणं हे अगदी कॉमन आहे. काही जण मनातल्या मनात पायऱ्या मोजतात, गाड्यांच्या नंबरांची बेरीज करतात, शब्द उलटे म्हणतात. हे बाहेरून दिसतच नाही, त्यामुळे त्याला स्टिमिंग म्हणायचं का यावर वाद घालता येईल, पण अनेक ऑटिस्टिक लोक म्हणतात आणि मला ते पटतं, काम तेच करतंय ना.

मला माझं स्टिमिंग सापडतच नाही. शोधायचं कसं?

शरीराकडे बघू नका, वस्तूंकडे बघा. पेनांची टोपणं चावलेली आहेत का, स्वेटरचं एकच टोक विरलंय का, एका अंगठ्याच्या नखाजवळची कातडी नेहमी सोललेली असते का, कीचेन गुळगुळीत झालंय का. माझ्या तीन जॅकेटांची उजव्या बाहीची शिवण उसवलेली निघाली, तिन्हींची उजवीच.

दुसरं, व्हिडिओ कॉलचं रेकॉर्डिंग असेल तर आवाज बंद करून स्वतःला दहा मिनिटं बघा, अवघडल्यासारखं होईल पण दिसेल. तिसरं, घरातल्या एखाद्या विश्वासाच्या माणसाला विचारा, पण "मी काही विचित्र करते का" असं विचारू नका कारण ते प्रेमापोटी नाही म्हणतील, "मी विचार करत असताना माझे हात काय करत असतात" असं विचारा. चौथं, तुम्ही एकटे असता त्या जागा आठवा, बाथरूम, लिफ्ट, गाडी, बंद खोली. दार लागल्यावर पहिल्या मिनिटात शरीर काय करतं? बऱ्याच जणांचं खरं स्टिमिंग तिथेच असतं, दिवसभर रोखून धरलेलं.

प्रश्नावलीच हवी असेल तर मोठ्यांसाठीची आरबीक्यू-२ए नावाची एक आहे, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेली, २० प्रश्नांची, स्वतः भरायची. तिने निदान होत नाही, पण प्रश्न वाचता वाचता "अरे हे पण मोजतात होय" असं दोनचारदा तरी होतं.

आणि एक डायरी, दोन आठवडे पुरेत. काय केलं, त्याआधी काय चाललं होतं, नंतर कसं वाटलं. तीनच रकाने. जास्त रकाने केलेत तर तो डायरी लिहिण्याचाच नवा चाळा होईल, अनुभवाचे बोल आहेत.

पण का करतात हे?

एकच कारण शोधायला गेलात तर फसाल. तेच डुलणं सकाळी एका कारणाने होतं आणि संध्याकाळी अगदी उलट कारणाने. आवाज, उजेड, माणसं, प्रश्न हे सगळं एकदम अंगावर आलं की स्वतः तयार केलेली, तालात चालणारी, पुढे काय येणार हे नक्की माहीत असलेली एक गोष्ट हातात लागते, बाकी गोंगाट तिच्यामागे जरा झाकला जातो. याउलट कंटाळवाणं लेक्चर चालू असतं, शरीराला काहीच पोचत नाही, हात कुठे आहेत पाय कुठे आहेत तेही नीट जाणवत नाही, तेव्हा जागं राहायला तेच डुलणं कामी येतं. विचार करायला मदत म्हणून होतं. दुखतंय पण सांगता येत नाही म्हणूनही होतं.

इथे एक गोष्ट महत्त्वाची. ऑटिस्टिक माणसांपैकी साधारण निम्म्यांना अलेक्सिथायमिया असतो, म्हणजे स्वतःला आत्ता काय वाटतंय ते ओळखणं आणि शब्दांत सांगणं अवघड जातं. मी त्यातलीच. कसं वाटतंय विचारलं तर मी खरंच "बरं आहे" म्हणते आणि मला ते खरंही वाटत असतं. पण माझा हात शिवणीवरून नखांवर गेलेला असतो, आणि नखांवर गेला म्हणजे तासाभरात मी कोलमडणार हे आता मला ठाऊक आहे. म्हणजे भावना मला कळायच्या आधी माझ्या बोटांना कळते. म्हणून स्टिमिंग बंद करा म्हणणाऱ्यांना मी म्हणते, गाडीचा काटा तोडून पेट्रोल वाढत नाही.

२०१९ मध्ये स्टीव्हन कॅप या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी ऑटिस्टिक मोठ्या माणसांनाच मुलाखती घेऊन विचारलं की हे तुम्ही का करता. उत्तरं बरीचशी हीच आली, सावरायला उपयोग होतो, आणि त्रास स्टिमिंगचा कमी, लोकांच्या नजरांचा जास्त. साधी गोष्ट, पण करणाऱ्यालाच विचारायला संशोधनाला इतकी वर्षं लागली.

आनंद झाल्यावरही होतं का?

हो, आणि तेच सगळ्यात छान. आवडता विषय निघाला की माझी बोटं हवेत पियानो वाजवतात. प्रत्येक वेळी "काय झालं, टेन्शन आलंय का" विचारू नका.

तीच तीच वाक्यं म्हणणं हेही स्टिमिंगच का?

असू शकतं. ऐकलेला शब्द किंवा वाक्य पुन्हा म्हणणं याला इकोलालिया म्हणतात, मोठ्यांमध्येही असतो. कधी ती जाहिरातीतली ओळ असते, कधी कुणाच्या तरी बोलण्यातला हेल, कधी नुसता जिभेला गोड लागणारा शब्द. एका ओळखीच्या गृहस्थांना "चिलखत" हा शब्द इतका आवडतो की भांडी घासताना ते तो तीसेक वेळा म्हणतात, अर्थाशी संबंध नाही, त्या ळ-ख-त च्या उड्या आवडतात म्हणे (शब्दात ळ नाहीये हे मी त्यांना सांगितलं, त्यांना फरक पडत नाही). पण प्रत्येक पुनरावृत्ती हा चाळा नसतो. कधी त्यातून काहीतरी सांगायचं असतं, उत्तर जुळवायला वेळ हवा असतो, म्हणून आपलाच प्रश्न परत आपल्याला ऐकू येतो. थोडं थांबलात तर उत्तर येतं.

स्टिम, टिक आणि ओसीडी, फरक कसा ओळखायचा?

बाहेरून बघून कठीण आहे, आतून विचारलं तर थोडं सोपं. टिक अचानक येते, झटक्यासारखी, डोळे मिचकावणं, मान उडणं, घसा खाकरणं. आधी एक शिरशिरी किंवा दाटल्यासारखं होतं, शिंक यायच्या आधी होतं तसं, आणि टिक झाली की सुटका. टिक असलेली माणसं सहसा म्हणतात की हे नसतं तर बरं झालं असतं. स्टिम बहुतेकदा तालात असतं, बराच वेळ चालतं, आणि करणाऱ्याला ते हवंसं असतं किंवा निदान नकोसं नसतं.

ओसीडीत, म्हणजे नको असलेला विचार पुन्हा पुन्हा येणं आणि त्यापायी तीच कृती करावीच लागणं यात, मागे एक भीती असते. कुलूप सात वेळा तपासलं नाही तर काहीतरी वाईट होईल, हात धुतले नाहीत तर कुणीतरी आजारी पडेल. करण्यात सुख नसतं, न करण्यात दहशत असते. मी बुटात बोटं आठदा दाबते, सातदा दाबून थांबले तर अर्धवट वाटेल पण कुणी मरेल असं मला वाटत नाही.

केस उपटणं आणि कातडी ओरबाडणं यांची वेगळी निदानं आहेत, त्यांना स्टिमिंगच्या खात्यात टाकून विसरून जाऊ नये. आणि यातलं एक आहे म्हणून दुसरं नाही असंही नसतं, एकाच माणसात ऑटिझम, टिक्स आणि ओसीडी तिन्ही सुखाने, म्हणजे दुःखाने, नांदतात. एडीएचडीचं तर काय सांगावं, २०१३ पर्यंत त्या मॅन्युअलच्या नियमानुसार ऑटिझम आणि एडीएचडी ही दोन्ही निदानं एकत्र देताच यायची नाहीत.

ऑफिसात थांबवतो ना तो, मग घरीच का करतो? मुद्दाम करतो का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आलाय आणि सगळ्यात जास्त बोचतो. श्वास थोडा वेळ रोखता येतो म्हणून श्वास घेणं मुद्दाम होत नाही. ऑफिसात तो रोखतो कारण तिथे किंमत मोजावी लागते, आणि घरी सोडतो कारण तुम्ही त्याचं सुरक्षित ठिकाण आहात. खरं तर कौतुकच आहे ते तुमचं.

या रोखण्याला मास्किंग किंवा कॅमफ्लाजिंग म्हणतात. ते मोजायला २०१८ मध्ये कॅट-क्यू नावाची २५ वाक्यांची प्रश्नावली आली. यात नुसतं स्टिमिंग दाबणं नसतं, डोळ्यांत बघण्याचं नाटक, आधी पाठ केलेल्या गप्पा, हसण्याची वेळ साधणं, सगळंच येतं. दिवसभर हे केल्यावर घरी आल्यावर माणूस एकतर फुटतो नाहीतर बंद पडतो. वर्षानुवर्षं केलं तर बर्नआऊट, म्हणजे नेहमीचा थकवा नाही, येत असलेली कामंसुद्धा जमेनाशी होतात, आवाज-उजेड सहन होईनासे होतात, महिनोन्‌महिने. २०२० मध्ये ऑटिस्टिक बर्नआऊटवर जो अभ्यास झाला त्यात लोकांनी सांगितलेल्या कारणांत मास्किंग ठळकपणे आहे.

निदान झाल्यावर बायकोचं स्टिमिंग एकदम वाढलंय. वाचून वाचून करतेय का?

वाढलेलं दिसतंय यातलं बरंचसं आधीपासून होतं, फक्त झाकलेलं होतं. मला निदानानंतर पहिले सहा महिने असंच झालं, मी घरात खुशाल डुलायला लागले आणि घरचे घाबरले की आजार वाढला. काही चाळे नवीनही येतात, दुसऱ्याचं वाचून करून बघावं वाटतं आणि आवडतं, त्यात खोटं काय आहे. वाढलंय आणि ती जास्त मोकळी, जास्त झोपणारी, जास्त हसणारी झाली असेल तर सोडा. वाढलंय आणि झोप गेलीय, जेवण गेलंय, बोलणं कमी झालंय, तर मग बघायला हवं.

पूर्वी थेरपीत हे बंद का करायचे?

कारण ते "विचित्र दिसतं" एवढंच बहुतेकदा. ऑटिझमचं सुरुवातीचं वर्णन करणाऱ्या लिओ कॅनर या मनोविकारतज्ज्ञाने १९४३ साली ज्या ११ मुलांबद्दल लिहिलं त्यांच्यात वस्तू गरागरा फिरवणं, डुलणं हे नोंदवलेलं आहे, आणि त्यातून मुलांना आनंद होतो हेही त्याने लिहिलंय. पुढे हा आनंदच आड यायला लागला. शिकण्यात अडथळा येतो असं म्हणून १९६० च्या दशकापासून इव्हार लोव्हास या मानसशास्त्रज्ञाच्या पद्धतीने हे वागणं मोडून काढायचे प्रयत्न झाले, त्यात सुरुवातीच्या काळात ओरडणं, चापट मारणं, विजेचा शॉक हेसुद्धा वापरलं गेलं. आता शॉक नाही देत कोणी सरसकट, पण "हात खाली, शांत बस" हे वाक्य आहेच. आमच्या वर्गात एक बाई मला हातांवर बसायला लावायच्या, अक्षरशः मांडीखाली हात. हात शांत झाले, मी गाल चावायला लागले.

स्टिमिंग कमी करायला गोळी आहे का?

नाही. रिस्पेरिडोन २००६ मध्ये आणि अरिपिप्राझोल २००९ मध्ये अमेरिकेत ऑटिझमसाठी मंजूर झाल्या खऱ्या, पण मुलांमधल्या तीव्र चिडचिडेपणासाठी, चाळ्यांसाठी नव्हेत. सिटालोप्रॅम नावाच्या गोळीची पुनरावृत्तीच्या वागण्यासाठी १४९ मुलांवर चाचणी झाली, २००९ मध्ये निकाल आला, नकली गोळीपेक्षा काही फरक नाही. उलट साइड इफेक्ट्सच्या यादीत पुनरावृत्तीच्या हालचाली वाढणं हेही होतं, आता बोला. चिंता किंवा डिप्रेशन वेगळं असेल तर त्याचे उपचार जरूर घ्या, ती वेगळी गोष्ट.

काळजी कधी करायची?

इजा होत असेल तेव्हा, हे उघड आहे. डोकं आपटणं, डोळ्यांवर मारणं किंवा डोळे दाबणं (याने डोळ्याच्या आतला पडदा सुटून दृष्टी जाऊ शकते, हे हलक्यात घेऊ नका), चावून रक्त काढणं, कातडीला जंतुसंसर्ग होईपर्यंत ओरबाडणं.

पण इजेपेक्षाही मी बदलाकडे बघायला सांगेन. वर्षानुवर्षांचा चाळा अचानक बदलला, जोर वाढला, किंवा अजिबात थांबला, तर काहीतरी घडलंय. पहिल्यांदा शरीर तपासा: दात, कान, पोट साफ नसणं, पाळी, मायग्रेन. कमी बोलणारा माणूस अचानक जबड्यावर मारायला लागला तर मानसोपचाराच्या आधी दाताचा डॉक्टर. नवीन गोळी सुरू झाली असेल तर तेही सांगा, मनोविकारांवरच्या काही औषधांनी एका जागी बसवत नाही अशी तगमग होते, आणि दीर्घकाळ घेतल्यावर तोंड-जिभेच्या नकळत हालचालीही होऊ शकतात, त्या स्टिमसारख्या दिसतात पण नसतात. गोळी मात्र मनाने बंद करू नका.

फिट्स ऑटिस्टिक लोकांमध्ये इतरांपेक्षा जास्त आढळतात. हाक मारली, हात लावला की स्टिम सहसा थांबतं किंवा माणूस निदान बघतो तरी. काहीही केलं तरी प्रतिसाद नाही, नजर गोठलेली, नंतर गोंधळलेला, तर व्हिडिओ काढा आणि न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. आणि हालचाल कमी होणं, दारातच अडकून राहणं, घास हातात धरून थांबणं, कुणी स्पर्श केल्याशिवाय पुढची कृती सुरूच न होणं, हे कॅटाटोनिया असू शकतं. लॉर्ना विंग आणि अमिता शाह या संशोधकांनी २०००मध्ये ऑटिस्टिक तरुणांमधल्या याच प्रकाराबद्दल लिहिलं, तरी अजून अनेकदा त्याला आळस समजलं जातं. त्यावर उपचार आहेत, उशीर करू नका.

इजा करणारा चाळा सोडवायचा कसा?

नुसतं थांब म्हणून नाही. तो चाळा काय देतोय ते शोधा आणि तेच दुसऱ्या वाटेने द्या. मनगट चावणाऱ्याला जबड्याचा जोर हवा आहे, त्याच्या हातात मऊ स्पंजचा चेंडू दिला तर तो चेंडू फेकेल, त्याला चावायचं सिलिकॉनचं पेंडंट किंवा काहीतरी कडक कुरकुरीत खायला लागेल. डोकं आपटणाऱ्याला दाब हवा असेल, किंवा असह्य आवाजापासून सुटका हवी असेल, मग हेडफोन आधी. लोकांना खेळण्यांचा ढीग आणून देण्याची हौस असते, पण इंद्रिय जुळलं नाही तर ढीग कपाटात जातो. चांगली ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं आणि इंद्रियांच्या गरजा यांवर काम करणारी तज्ज्ञ, यात खरंच कामाला येते.

दाबावरून आठवलं, टेंपल ग्रँडिन या ऑटिस्टिक प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी तरुणपणी मावशीच्या रँचवर गुरांना धरायचा पिंजरा बघितला, दाब बसला की गुरं शांत होतात हे बघून स्वतःसाठी तसंच दाब देणारं यंत्र बनवलं, आणि १९९२ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. हल्लीचं जड ब्लँकेट त्याच जातीचं. आता त्याबद्दलही खरं सांगते, ऑटिस्टिक मुलांच्या झोपेवर २०१४ मध्ये चाचणी झाली तर मोजलेल्या झोपेत फरक पडला नाही, तरी मुलांना आणि पालकांना ते ब्लँकेट साध्या ब्लँकेटपेक्षा आवडलं. मी वापरते. झोप वाढली का माहीत नाही, गुंडाळून घ्यायला भारी वाटतं.

ऑफिसात काय करावं? लोक बघतात.

आवाज न करणारा, मुठीत मावणारा चाळा निवडा, गुळगुळीत दगड, रबरबँड, कापडाचा तुकडा. दर दीड-दोन तासांनी पाच मिनिटं कुठेतरी एकटं जा आणि तिथे हवं ते करा, साठवून ठेवलं की व्याजासकट येतं. सांगायचं की नाही हा तुमचा निर्णय, निदान न सांगताही "हाताला काही असलं की माझं लक्ष नीट लागतं" एवढं बोलता येतं आणि बहुतेकांना ते पटतं. पटत नाही असे लोकही भेटतात. माझ्या एका जुन्या साहेबांनी मीटिंग थांबवून मला पेन खाली ठेवायला सांगितलं होतं, त्या मीटिंगचे मिनिट्स मी लिहीत होते.

जोडीदाराच्या गुणगुणण्याचा मला भयंकर त्रास होतो. मी वाईट आहे का?

नाही. आणि तुम्हीही ऑटिस्टिक असाल तर हा पेच रोजचा, त्याला आवाज करायची गरज आणि तुम्हाला आवाज न होण्याची गरज, दोन्ही खऱ्या. कोण बरोबर हे ठरवत बसलात तर दोघं हराल. वेळ आणि जागा वाटून घ्या, तुम्ही इअरप्लग लावा, त्याने रात्री दहानंतर गुणगुणण्याऐवजी दुसरं काही करून बघावं. भांडण चालू असताना हे ठरवू नका, ठरत नाही.

समोर कुणी स्टिमिंग करत असेल तर काय बोलावं?

काही नाही. जे बोलत होतात ते पुढे बोला. मान खाली घालून बोटांशी खेळणारा माणूस बहुतेकदा तुमचं नीट ऐकत असतो.

वय वाढलं की जातं का?

मोठ्या हालचाली सरासरीने कमी होतात असं दिसतं, पण त्यातलं किती खरंच कमी झालं आणि किती बुटाच्या आत गेलं हे बाहेरून मोजणाऱ्याला कसं कळणार. आजारपणात, घर बदलल्यावर, कुणी गेल्यावर जुनं लहानपणचं स्टिम परत येतं, पन्नाशी-साठीतही. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, आधाराला हात जुन्या कठड्याकडेच जातो.

मला आत्ता काहीच स्टिमिंग नाही, मग मी ऑटिस्टिक नाही का?

असं ठरत नाही. डीएसएम-५ मध्येच म्हटलंय की लक्षणं आत्ता किंवा पूर्वी कधी असली तरी धरायची, आणि मोठेपणी शिकलेल्या युक्त्यांनी ती झाकली जाऊ शकतात हेही त्यात लिहिलंय. म्हणून निदान करताना लहानपणाबद्दल विचारतात. घरच्यांशी बोलायला जाणार असाल तर "मी पुन्हा पुन्हा काही करायचो का" एवढ्यावर थांबू नका, मी एकटी असले की काय करत बसायचे, काय हातातून काढलं की रडायचे, कशावरून ओरडा खायचे, असं विचारा. मी आईला पहिला प्रश्न विचारला तर ती म्हणाली, छे गं, तुझं कधी काही नव्हतं, इतकी शांत मुलगी. मग दुसरा विचारला, एकटी असले की काय करायचे? तर म्हणे, काही नाही, त्या पडद्याच्या टोकाला धरून ओठांवरून फिरवत बसायचीस तासन्‌तास, शेवटी मी पडदेच काढून टाकले होते.